अंदमानचे किनारे : आधी ओहोटीची वेळ, मग हॉटेल

पार्लेकरीण

परवा इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, की अंदमानला सहा दिवस कशाला हवेत, किनारे तर सगळे सारखेच. तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते एवढं वाढलं की स्वतंत्र धागाच काढते आहे. सेल्युलर जेलबद्दल इथे आधी खूप चांगलं लिहून झालंय. प्रत्येक मराठी माणसाने एकदा तिथे उभं राहावं, एवढंच म्हणते आणि थेट समुद्रावर येते.

आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा २०१९ च्या जानेवारीत, मुंबईतल्या एका टूरवाल्याकडून. दुसऱ्यांदा २०२४ च्या फेब्रुवारीत, आपलं आपण. किनारे तेच, माणसंही तीच (लेक तेवढी चारची नऊ झाली होती), पण दोन सहलींत जमीनअस्मानाचा फरक. आणि तो फक्त एका गोष्टीमुळे पडला. दुसऱ्या वेळी मी भरती-ओहोटीचा तक्ता आधी काढला आणि मग बोटी नि हॉटेलं ठरवली.

पहिल्या वेळी काय झालं ते सांगते. नील बेटावर (आता शहीद द्वीप, हॅवलॉकचं स्वराज द्वीप, ३० डिसेंबर २०१८ ला नावं बदलली) लक्ष्मणपूर नंबर दोनचा किनारा आहे. तिथे लाटांनी पोखरून झालेली दगडाची नैसर्गिक कमान आहे. बेटावर वसवलेल्या बंगाली लोकांनी तिला कौतुकाने हावडा ब्रिज म्हटलं. तिच्यापर्यंत जायची वाट प्रवाळाच्या खडकावरून आहे आणि तो खडक फक्त ओहोटीला उघडा पडतो. टूरवाल्याने आम्हाला सकाळी अकराला नेलं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे उधाणाच्या भरतीत. पायऱ्या उतरलो तर खाली पाणीच पाणी. सासूबाईंची चप्पल वाहून गेली. लांबून कमानीचा वरचा भाग दिसला, त्याचे फोटो काढले आणि वीस मिनिटांत गाडीत बसलो. ड्रायव्हर भला माणूस, तो हळूच म्हणाला, "दीदी, चार बजे आना था।" ते वाक्य पाच वर्षं डोक्यात राहिलं.

दुसऱ्या वेळी मुद्दाम माघ पौर्णिमा धरून गेलो, कारण उधाणाला पाणी जितकं चढतं तितकंच ओहोटीला खूप उतरतंही. दुपारी तीनला त्याच पायऱ्या उतरलो. समोर कुठवर तरी पसरलेला तपकिरी-हिरवा खडक आणि त्यात शेकडो डबकी, काही परातीएवढी, काही खोलीएवढी. तिथला एक मुलगा वाट दाखवायला सोबत घेतला. जरूर घ्या, पाय कुठे ठेवायचा ते त्यांना कळतं. पहिल्याच डबक्यात त्याने बोट दाखवलं, तर दगडात रुतून बसलेला एक मोठा शिंपला, तोंड अर्धवट उघडं आणि आतली कड निळी. मोरपिसातला जो सर्वात गडद निळा असतो ना, तो. लेकीची सावली पडली मात्र, त्याने झटकन ती निळी कड आत ओढली. ती सावली बाजूला करून थांबली. मिनिटभराने कड पुन्हा हळूहळू बाहेर आली. आम्ही चौघं त्या एका डबक्याशी पंधरा मिनिटं उकिडवे बसून होतो. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या. त्या म्हणाल्या, "हा आपल्याला बघतोय की गं!" मग पुढे समुद्रकाकड्या, काळ्या, जाड, हाताच्या कोपराएवढ्या. काटेरी लांब हातांचे तारामासे दगडाखालून सुळकन जाणारे. आणि शंखातले खेकडे तर इतके, की वाळूच चालतेय असं वाटावं.

आता एकेका किनाऱ्याबद्दल, मला जे कळलं ते.

राधानगर (हॅवलॉक). पश्चिमेला तोंड, दोन-एक किलोमीटरची अर्धचंद्राकृती वाळू, मैद्यासारखी. २००४ मध्ये टाइम मासिकाने आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, २०२० मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळाला. हे सगळं खरं, पण माझ्या मनात राहिलीत ती मागची झाडं. सागरी महुआचे सरळसोट, प्रचंड बुंधे अगदी वाळूपर्यंत आलेत. दुपारी त्या सावलीत बसलं की पाठीमागून जंगलाचा गारवा आणि समोरून मिठाचा वारा. खाली खडक नाही, त्यामुळे भरती असो की ओहोटी, इथे कधीही डुंबता येतं. म्हणून हा किनारा भरतीच्या वेळेसाठी राखून ठेवा. आणि एक महत्त्वाचं : सूर्यास्त लवकर होतो. अंदमान आपल्यापासून जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र तेच. फेब्रुवारीत साडेपाचला सूर्य गेला, त्या वेळी पार्ल्यात अजून तासाभराचं ऊन होतं. चार वाजता चहा पिऊन निघू म्हणालात तर हुकलं.

काळापत्थर. पूर्वेला. सूर्योदयाचा. पाचला उठावं लागतं, पण वाळूवर तुमच्याशिवाय कुणी नसतं. भरतीला वाळू फारशी उरत नाही.

एलिफंट बीच. स्नॉर्केलिंगचा. जेट्टीवरून बोटीने जा, किंवा जंगलातून पाऊण तास चालत. आम्ही सकाळची पहिली बोट घेतली. पोहता न येणाऱ्या सासूबाईंना रबरी रिंगमध्ये धरून तिथल्या माणसाने नेलं. तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क. पाण्यात डोकं घातल्यावर त्यांनी माझा हात एवढा घट्ट धरला की मला वाटलं घाबरल्या. वर आल्या तर रडत होत्या. म्हणाल्या, "एवढं खाली असतं आणि आपण वरून नुसतं पाणी बघतो."

भरतपूर (नील). जेट्टीला लागूनच, उथळ, लहान मुलांसाठी उत्तम, पण पाणी चढलेलं असताना. ओहोटीला खडक उघडा पडतो, पोहता येत नाही आणि तुमच्या पायाखाली जिवंत प्रवाळ चिरडलं जातं.

सीतापूर, लक्ष्मणपूर नंबर एक. पहिला उगवतीचा, दुसरा मावळतीचा. नीलवर एक मुक्काम केलात तर दोन्ही होतात. नीलला सकाळी जाऊन दुपारी परत असं कृपया करू नका.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं सांगेन.

---

गोरेगावची माऊ

काय सुंदर लिहिलंयस! शिंपल्याचा परिच्छेद दोनदा वाचला. नावं मजेशीर आहेत नाही, भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर?

पार्लेकरीण

हो ना. नीलवर रामनगरही आहे, आणि हॅवलॉकवर गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने तिथे जमिनी देऊन वसवलं. घर गमावलेली माणसं नव्या बेटाला रामायणातली आणि कृष्णाच्या गोकुळातली नावं देतात, हे मला फार हलवून गेलं. आम्ही जिथे उतरलो होतो तिथल्या आजी रोज सकाळी अंगणात तुळशीला पाणी घालायच्या. आमच्या सासूबाई आणि त्या, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी रोज अर्धा तास गप्पा.

---

वर्सोव्याचा नाखवा

ताई, धागा वाचून बरं वाटलं. आम्ही कोळी माणसं, आमचं घड्याळच पाण्यावर चालतं. लोक जुहूला येतात नि विचारतात "आज पाणी एवढं लांब का गेलं?" अहो, तिथी बघा ना.

ज्यांना तक्ता वाचायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी आमच्या बापजाद्यांचा हिशोब देतो. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, जे येईल ती साधारण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी खूप चढतं नि खूप उतरतं. अष्टमीला भांग, पाणी ना धड चढत ना धड उतरत. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने बरोबर येतं.

कुलाब्याचा वारा

हे सोनं आहे नाखवा. आम्ही अलिबागचा कुलाबा किल्ला चालत जायचा तर हाच हिशोब लावतो. हाजी अलीची वाट बुडते तेही याच हिशोबाने.

पार्लेकरीण

नाखवा दादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी मुद्दाम जुनी वही काढली. एक सांगायला हवं, की हा हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे. अंदमानला तो जसाच्या तसा लावू नका. आमच्या दिवसांत तिथली भरती या हिशोबापेक्षा दीड-दोन तास आधीच येत होती. म्हणून तर २०१९ ला सकाळी अकराला पाणी भरलेलं आणि २०२४ ला दुपारी साडेतीन-चारला सगळं उघडं. उधाण कधी आणि भांग कधी हे मात्र तिथीवरून तिथेही कळतं. तारीख तिथीने निवडा आणि वेळ श्री विजयपुरमच्या (म्हणजे पोर्ट ब्लेअरच्या) तक्त्यावरून बघा.

दुसरा फरक म्हणजे पाण्याचा चढउतार. आपल्याकडे उधाणात पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, तिथे साधारण दोन मीटर. पण तिथला खडक इतका सपाट आहे की दोन मीटरनेही अख्खं मैदान उघडं होतं.

वर्सोव्याचा नाखवा

बरोबर. दर्या एकच, पण प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. आमच्या डहाणूच्या पाहुण्यांचं पाणी नि आमचं पाणीसुद्धा एकाच वेळी येत नाही.

---

खारफुटी

मी जीवशास्त्र शिकवते, म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगते.

पहिली : शंख-शिंपले उचलून आणू नका. अंदमानचं प्रवाळ, तो मोठा निळ्या कडेचा शिंपला आणि बरेच मोठे शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मेलेलं, वाळूत पडलेलं प्रवाळसुद्धा. विमानतळावर सामान तपासतात आणि सापडलं तर अडचण होते. पण कायद्यापेक्षाही मला दुसरं सांगायचंय. पार्लेकरीणताईंनी जे शंखातले खेकडे पाहिले, त्यांना स्वतःचं कवच नसतं. पोटाकडचा भाग मऊ, उघडा. तो झाकायला रिकामा शंख लागतो, आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधावा लागतो. आपण दिवाणखान्यातल्या काचेच्या वाडग्यासाठी जो शंख आणतो, ते कुणाचं तरी पुढचं घर असतं.

दुसरी : तिथलं प्रवाळ आधीच खूप सोसून बसलंय. २०१० मध्ये पाणी तापून अंदमानचं फार मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरं पडलं. प्रवाळाच्या पेशींत एक सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला रंग आणि बरंचसं अन्न देतं. पाणी जास्त काळ गरम राहिलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि मग उपाशी राहतं. काही सावरतं, काही मरतं. एलिफंट बीचला तळाशी जे करड्या फांद्यांचे ढीग दिसतात ते मेलेलं प्रवाळ. त्यावर नवी, बोटाच्या पेराएवढी वसाहत धरलेली दिसली तर जरूर बघा, पण हात लावू नका नि पाय टेकू नका.

पार्लेकरीण

खारफुटी, हे लिहिलंस म्हणून खूप आभार. तो करडा ढीग आम्हीही पाहिला. पावलाखाली फुटक्या कपबश्यांसारखा आवाज येतो त्याचा. माझ्या लेकीने आणलेला एक शंख मी तिला परत ठेवायला लावला, तेव्हा ती रुसली होती. तुझा प्रतिसाद तिला वाचून दाखवला आज.

---

मालवणी काजू

आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. एक भीतीचा प्रश्न विचारतो, तिकडे मगरी असतात ना?

पार्लेकरीण

असतात, खाऱ्या पाण्यातल्या, आणि ही गोष्ट गांभीर्याने घ्यायची आहे. २०१० मध्ये हॅवलॉकला स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी पर्यटक बाईंचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. मगरी मुख्यतः खाड्या, खारफुटीची जंगलं, ओढ्यांची मुखं इथे असतात. म्हणून राधानगरच्या उजव्या हाताला जी सुंदर, शांत खाडीसारखी जागा आहे, नील्स कोव्ह, तिथे पाण्यात उतरू नका. पोर्ट ब्लेअरकडच्या वंडूरला आणि कॉर्बिन्स कोव्हला जाळी लावून पोहण्याची जागा आखलेली आहे, तिच्या आतच राहा. फलक असेल तर ऐका, जीवरक्षक शिट्टी मारतो तेव्हा लगेच बाहेर या. आणि अंधार पडल्यावर पाण्यात जाऊ नका. एवढं पाळलं तर घाबरायचं कारण नाही.

वंडूरचा किनारा मात्र जरूर पाहा. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात तिथली जमीन खचली आणि त्सुनामी आली. उन्मळलेली प्रचंड झाडं अजून वाळूवर आडवी आहेत, मुळं आकाशाकडे. उन्हापावसाने पांढरी झालीत. आम्ही तिथे फार बोललो नाही.

मालवणी काजू

आमचं गाव किनाऱ्यावरच. त्या वर्षीच्या बातम्या बघून आई आठवडाभर किनाऱ्यावर गेली नव्हती. ही झाडं बघायला जाईन.

---

रात्रीची लोकल

पौर्णिमेऐवजी अमावास्या धरली तर? उधाण तेव्हाही असतं.

पार्लेकरीण

अगदी, आणि एक जास्तीची गोष्ट मिळते. अंधाऱ्या रात्री हॅवलॉकच्या खारफुटीत होडीने नेतात, पाण्यातले सूक्ष्म जीव हलवल्यावर निळसर चमकतात. आम्ही पौर्णिमेला गेल्यामुळे ते राहिलं. चंद्रप्रकाश असला की ती चमक दिसतच नाही. पुढच्या वेळी अमावास्याच.

वर्सोव्याचा नाखवा

आम्ही लहानपणी रात्री वल्ही मारताना ही चमक कितीदा बघितलीय, इथेच, आपल्या दर्यात. आता किनाऱ्यावरच्या दिव्यांमुळे नजरेला येत नाही. पण खोल पाण्यात गेलं की आहे अजून.

---

डोंबिवली फास्ट नाही

ताई, पहिल्यांदाच लिहिते आहे. आई-बाबा, मी आणि धाकटा भाऊ असे सहा रात्री चाललोय. एका टूरवाल्याने दिलेला कार्यक्रम असा : तिसऱ्या दिवशी सकाळी नीलला पोहोचायचं, दुपारी तीनच्या बोटीने हॅवलॉकला, तिथे दोन रात्री. तुमचं वाचून कॅलेंडर काढलं. आमचा नीलचा दिवस शुद्ध अष्टमीचा आहे. म्हणजे भांग! बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना पाण्यात उतरता येणार नाही, पण खडकावरून काठी घेऊन सावकाश चालू शकतील. त्यांना ते सगळं दिसावं अशी फार इच्छा आहे. काय करू?

पार्लेकरीण

अगं, बरं झालं आत्ता विचारलंस. क्रम उलटा कर. आधी हॅवलॉक, मग नील. अष्टमी-नवमीला हॅवलॉक असलं तरी बिघडत नाही, राधानगरला भांगाने काही फरक पडत नाही. उलट पाणी शांत मिळतं. नील शेवटी टाकलंस तर एकादशी-द्वादशी येईल, पाणी जास्त उतरायला लागलेलं असेल आणि ओहोटीही दुपारकडे सरकलेली असेल, कारण ती रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे जाते. पण नीलला रात्रीचा मुक्काम हवाच, तरच दुपार हातात मिळते.

बाबांसाठी : चपला नको, मागून पट्टा असलेले रबरी तळव्याचे सँडल किंवा बूट घ्या. खडक धारदार आहे आणि शेवाळावरून पाय सटकतो. ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी पायऱ्या उतरा, म्हणजे पाणी उतरत असताना तुम्ही आत जाता आणि परतताना घाई होत नाही. कमानीपर्यंत जायलाच हवं असं नाही. पायऱ्यांपासून पन्नास पावलांवरच डबकी सुरू होतात. सोबत पाणी, टोपी, आणि वाळूतल्या बारीक माश्या चावतात म्हणून पायांना खोबरेल तेल.

वर्सोव्याचा नाखवा

जायच्या आधी बाबांना एकदा उधाणाच्या ओहोटीला बँडस्टँड नाहीतर कार्टर रोडच्या खडकांवर घेऊन या. ओल्या दगडावर काठी कशी टेकायची त्याचा सराव होईल. तिथेही डबक्यांत खेकडे, समुद्रफुलं, गोगलगायी सगळं आहे. लोकांना माहीत नाही. पाठ समुद्राकडे करू नका, एवढंच.

खारफुटी

नाखवा, अगदी मनातलं बोललात. मी मुलांना घेऊन जाते तिथे दर हिवाळ्यात. मुंबईतही प्रवाळ आहे हे ऐकून पालक चकित होतात. कोस्टल रोडच्या वेळी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळाच्या वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या होत्या.

डोंबिवली फास्ट नाही

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार. टूरवाल्याशी बोलले. आधी म्हणाला असं कुणी मागत नाही, मग बोटीची तिकिटं बदलून द्यायला तयार झाला. आता नीलला एक रात्र, द्वादशीला. तक्ता पाहिला, ओहोटी दुपारी एकच्या पुढे आहे. रविवारी बाबांना घेऊन कार्टर रोडला जातोय. पंचांग तेच काढून बसलेत, तिथी गुणिले तीन भागिले चार करत.